बेचाळीस रिचार्ज

"येडगेवाड्यावर टॉवर कधी बसला हो?"

फोन स्पीकरवर होता. प्रश्न पुण्याहून आला होता आणि विचारणारे प्रभुणे साहेब अगदी गोड आवाजात विचारत होते. आमच्या प्राचार्य देवकुळे सरांनी फोनवर तळहात दाबला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. तो टॉवर मीच कुठंतरी लपवून ठेवलाय, असं त्यांचं ते पाहणं होतं.

"बसलाय का टॉवर?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही सर."

"मग काय सांगू?"

"बसेल लवकरच, असं सांगा."

सरांनी ते काही सांगितलं नाही. "चौकशी करून कळवतो," म्हणाले.

"कळवू नका. मीच येतो गुरुवारी. थेट येडगेवाड्यावरच जाऊ या." एवढं बोलून प्रभुणे साहेबांनी फोन ठेवला.

ही गोष्ट कोरोनाच्या दुसऱ्या वर्षातली. मी कॉलेजात क्लार्क. आमच्या भागात क्लार्कला शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळेच 'भाऊसाहेब' म्हणतात, त्यामुळे माझं आडनाव नलवडे आहे हे फक्त पगारपत्रकाला ठाऊक. तर त्या वर्षी पुण्याच्या एका विश्वस्त निधीनं आमच्या बेचाळीस गरजू विद्यार्थ्यांना तातडीची मदत म्हणून प्रत्येकी अडीच हजार रुपये दिले होते. तेवढाच दुसरा हप्ता परीक्षेचे फॉर्म भरायच्या आत यायचा होता. त्यासाठी कॉलेजनं अहवाल द्यायचा: मुलं कशी निवडली, पैसे कधी दिले आणि मुलांनी ते कशावर खर्च केले. खर्चाचे हेतू चारच मंजूर होते. पुस्तकं, फी, प्रवास आणि इंटरनेट. याबाहेर कुणी खर्च केला असेल तर दुसरा हप्ता बंद, आणि पहिला कॉलेजनं परत करायचा. बेचाळीस पोरांपैकी निम्म्यांची परीक्षा त्या दुसऱ्या हप्त्यावर अवलंबून होती, हे मला सरांपेक्षा जास्त माहीत होतं, कारण फी भरायला मुदत मागत ती माझ्याच खिडकीशी उभी राहायची.

मी काही कामचुकार माणूस नाही. बेचाळिसांचीही मी फोनवरून एकेक करून चौकशी केली. चार दिवस लागले. त्यांनी जे सांगितलं ते कच्च्या कागदावर लिहून सरांपुढं ठेवलं. सरांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा औषध प्यायल्यासारखा झाला.

"भाऊसाहेब, हे चार हेतूंत बसवा."

"बसत नाही सर."

"बसवलं की बसतं. आणि हे कागद फाडून टाका."

मी फाडले. मग कॉम्प्युटरवर पहिल्या चौकटीत 'इंटरनेट रिचार्ज' लिहिलं, माउसनं चौकटीचा कोपरा धरला आणि खाली ओढला. बेचाळीस ओळी दोन सेकंदांत भरल्या. आमच्याकडे हजेरीपासून वार्षिक अहवालापर्यंत सगळं याच पद्धतीनं होतं, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंसुद्धा नाही.

मला एवढंच माहीत नव्हतं, की त्या निधीचे विश्वस्त असलेले हे प्रभुणे साहेब टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. जिल्ह्यात कुठल्या डोंगरावर टॉवर आहे आणि कुठल्या डोंगराआड रेंज मरते, हे त्यांना तळहातासारखं पाठ. आणि बेचाळिसांतली अकरा पोरं होती येडगेवाड्याची. घाटमाथ्यावरचा धनगरांचा वाडा. वीज पोचलेली, रेंज नाही. त्या अकरा जणांच्या वतीनं माझ्याशी एकटी रेश्मा येडगे बोलली होती, तीसुद्धा बाजारच्या दिवशी खाली उतरली तेव्हा. तिनं जे सांगितलं ते ऐकून मी फोनवर मोठ्यानं हसलो होतो.

"उद्याच वर जा," सर म्हणाले. "पोरांना नीट पढवून ठेवा. रिचार्ज म्हणजे रिचार्ज."

बुधवारी मी मोटारसायकल रस्ता संपतो तिथं लावली आणि पाऊण तास चढून वाड्यावर पोचलो. गोठ्याच्या एका अंगाला पत्र्याचा आडोसा केला होता आणि तिथून घरघर ऐकू येत होती. आत रेश्मा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. बाजूला बाबू कोकरे, तोही आमचाच, एसवायचा, पोत्याचं तोंड धरून उभा. मधे होती गिरणी. दोन हॉर्सपॉवरची, जुनी, निळा रंग उडालेली, पण झकास चालणारी.

"बघा भाऊसाहेब, तुम्हाला फोनवर खोटं वाटलं होतं," रेश्मा म्हणाली. "हसलात तुम्ही."

"बंद कर आधी ती."

तिनं बंद केली. मी त्यांना सगळं समजावलं. उद्या पुण्याचे साहेब येणार, ते विचारणार, आणि तुम्ही अकरा जणांनी एका सुरात सांगायचं की आम्ही रिचार्ज मारला.

"कशावर मारला?" बाबूनं विचारलं. "वाड्यात फोन तीन. त्यातला एक माझ्या चुलत्याचा, तो देत न्हाई."

"मग दोनावर मारला म्हण."

"आन रेंज?"

"रेंज कुठंच येत नाही का रे?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. वरच्या कड्याला एक दगड होता. त्यावर उभं राहून फोन डोक्याच्या वर धरला, की एक कांडी यायची. अंतर अर्धा तास, सगळा चढ.

"झालं तर मग! तिथं बसून तुम्ही लेक्चर ऐकता."

बाबूचे डोळे चमकले. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याला कधी काम मिळालं नव्हतं आणि त्याची भरपाई आता होणार होती. रेश्मा मात्र हातांवरचं पीठ झटकत राहिली.

"खोटं बोलायचं व्हय?" तिनं विचारलं.

"तुझ्या एकटीसाठी नाही गं. खाली एकतीस जण आहेत. तुम्ही गिरणी म्हणालात की त्यांचाही हप्ता गेला आणि घेतलेलेही परत."

हे ऐकल्यावर तिनं मान हलवली. आम्ही गिरणीवर दोन घोंगड्या टाकल्या, त्यावर गवताच्या पेंढ्या रचल्या, आणि मी मोठं राजकारण जिंकल्याच्या थाटात डोंगर उतरलो.

गुरुवारी प्रभुणे साहेब आले. सत्तरीचे, काटक, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला पाण्याची बाटली. देवकुळे सर सफारीत. चढताना सर दर वीस पावलांनी थांबून निसर्गाचं कौतुक करायचे आणि तेवढ्यात दम खायचे. प्रभुणे साहेब कुठंच थांबले नाहीत.

दगडावर आमची मंडळी तयार होती. अकराच्या अकरा, तोंडाला मास्क, मांडीवर वह्या, हातभर अंतर सोडून बसलेली. बाबू मधोमध उभा, फोन आकाशाकडं धरून.

"काय चाललंय?" प्रभुणे साहेबांनी विचारलं.

"अर्थशास्त्र, सर."

"मग आवाज कसा येत नाही?"

"सरांचा आवाजच बारीक हाय, सर."

देवकुळे सरांनी खोकून घेतलं. प्रभुणे साहेबांनी फोन हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला.

"अकरा जणांचे अकरा रिचार्ज या एकाच फोनात मारले?"

"दुसरा चार्जिंगला लावलाय, सर. आम्ही आळीपाळीनं मारतो."

"प्रत्येकी अडीच हजारांचे. म्हणजे साडेसत्तावीस हजार." साहेबांनी डोळे मिटून हिशेब केला. "दोन फोनांत वाटून मारलेत तरी दोन हजार सव्वीसपर्यंत चालतील."

"व्हय सर," बाबू निरागसपणे म्हणाला. "लांबचा इचार केलाय."

तेवढ्यात साहेबांच्याच खिशातला फोन वाजला. देवकुळे सरांना झालेला आनंद मी आयुष्यात विसरणार नाही. "वाजला! साहेब, वाजला! रेंज आहे बघा!" ते टाळ्याच पिटायला लागले होते. साहेबांच्या पत्नीचा फोन होता. कुठं आहात, असं त्या विचारत होत्या. साहेब म्हणाले, "दगडावर," आणि लाइन तुटली.

खाली उतरताना सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जमलं, भाऊसाहेब!" मलाही तसंच वाटत होतं. वाड्यात ताक आलं. प्रभुणे साहेब अंगणात बसून ताक पीत होते, फारसं काही विचारत नव्हते. गोठ्यापुढं बाबू पेंढ्यांना पाठ लावून उभा होता. अजून पाच मिनिटं गेली असती तर आम्ही सुटलो होतो.

तेवढ्यात पलीकडच्या वाड्याची धोंडाआजी डोक्यावर पाटी घेऊन अंगणात आली आणि तिनं थेट रेश्मालाच गाठलं.

"आगं ए रेश्मे, गिरण का बंद ठिवलीया आज? सकाळधरनं नाचणी घिऊन बसलिया मी तिकडं. पोरं भाकरीबिगर हायती घरात!"

बाबूनं पेंढ्यांपुढं दोन्ही हात पसरले.

"आजींचं वय झालंय," देवकुळे सर घाईघाईनं म्हणाले. "त्यांना जरा भास होतात."

"कुनाला भास हुत्यात?" आजीनं पाटी खाली ठेवली. "ह्यो कोन बाबा? आन बाबू, पेंढ्या कशाला रचल्याती गिरणीवर? गवत पेटंल की!"

प्रभुणे साहेबांनी ताकाचा पेला खाली ठेवला, मास्क वर ओढला आणि रेश्माकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतंच. ती पोरगी पुढं आली.

"साहेब, गिरणी घेतलीय आम्ही. अकरा जणांनी मिळून. खालच्या गावातला गिरणीवाला धंदा बंद करून चालला होता, त्यानं सत्तावीस हजारांत दिली. उरलेल्या पाचशेत वर आणली."

"का?"

"लॉकडाऊनमध्ये खालची गिरणी बंद झाली. मग घरोघरी परत जाती निघाली. जात्यावर बसायचं कुणी? आम्हीच पोरी. पहाटे तीनला उठून दळायचं. पुस्तक उघडलं की झोप. गिरणी आल्यापासून मी सकाळी अभ्यासाला बसतेय. चार वाड्यांची दळणं येतात, पैसं मिळतात. मधी दोन महिनं मोटार जळाली होती, तवा तोटा झाला." ती थांबली. "तुमच्या कागदात गिरणीला जागा नव्हती म्हणून भाऊसाहेबांनी रिचार्ज लिहिलं. त्यांची यात चूक न्हाई."

ती मला वाचवत होती. मी तिला खोटं बोलायला शिकवलं होतं, तिच्या गिरणीवर गवत रचलं होतं, आणि ती एकोणीस वर्षांची पोर माझ्यासारख्या घोड्याला पाठीशी घालत होती. लाजेनं माझे कान तापले. मी पुढं झालो.

"साहेब, हे अकराच नाहीत. बेचाळीसही खोटे आहेत. मी माउसनं ओढले."

देवकुळे सर आजीच्या पाटीशेजारी मटकन खाली बसले.

"मग खरं काय आहे?" साहेबांनी विचारलं. "कागद आहेत?"

"फाडले."

"म्हणजे काहीच नाही."

"आहे," मी म्हटलं, आणि तोंड उघडल्यावर माझं मलाच कळलं की मला सगळं पाठ आहे. चार दिवस कानाला फोन लावून ऐकलेलं कागदाबरोबर फाटलं नव्हतं. "नंबर एक, आईला डायलिसिसला न्यायचं रिक्षाभाडं. नंबर दोन, खोलीचं थकलेलं भाडं, घरमालकानं सामान बाहेर काढलं होतं. तीन, वडिलांच्या हातगाडीची दोन चाकं. चार, धाकट्या भावाचा चष्मा. पाच, किराणा. सहा, किराणा. सात, किराणा आणि एकदा चिकन, ते मात्र लिहू नका म्हणाला होता."

बाबू फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. मी बोलत राहिलो. एकीनं बहिणीचं बाळंतपण केलं होतं. एकानं मुंबईहून चालत आलेल्या बापाच्या पायांवर औषधपाणी केलं होतं. सतरा नंबरचा मुलगा म्हणाला होता की सांगणार नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नव्हतं.

"अठ्ठावीस नंबर, रिचार्ज."

"एक तरी निघाला!" साहेब म्हणाले.

"हो साहेब. पण गाणी ऐकायला."

आता साहेबांचा मास्क हलला. आत ते हसत होते. मी बेचाळिसाव्या नंबरापर्यंत आलो तेव्हा आजी डोळ्यांना पदर लावून बसली होती आणि तरीही मधूनच विचारत होती, की माझ्या नाचणीचं काय.

"आधी गिरणी चालू करा," साहेब म्हणाले. "यांच्या घरी पोरं उपाशी आहेत."

पेंढ्या निघाल्या, घोंगड्या निघाल्या, घरघर सुरू झाली. तिच्या आवाजात साहेब माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "आता बोललात ते लिहून द्या. जसंच्या तसं. मला तोच अहवाल हवाय. पण एक सांगून ठेवतो, विश्वस्त पाच आहेत. मी एक. दोघं नियमावर बोट ठेवतील, पैसे परत मागतील. मी भांडेन. जिंकेन असं नाही."

मी देवकुळे सरांकडं पाहिलं. सही त्यांची लागणार होती आणि त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. सरांनी गिरणीतून पडणारं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "चिकन लिहायचं का?"

"लिहा," साहेब म्हणाले.

तिथंच पोत्यावर कागद ठेवून मी चार पानं लिहिली आणि सरांनी सही केली. त्या माणसाबद्दल मी आयुष्यभर बरंच काही बोललोय, म्हणून हेही सांगितलं पाहिजे.

पुढं जे झालं ते साहेबांनी सांगितल्याप्रमाणंच झालं. दोघा विश्वस्तांनी अहवाल अडवला. पैसे परत मागितले नाहीत, प्रभुणे साहेबांनी तेवढं रोखलं, पण दुसरा हप्ताही सुटेना. मार्च गेला. एप्रिलमध्ये परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख लागली आणि माझ्या खिडकीशी पुन्हा गर्दी झाली. 'भाऊसाहेब, आला का हप्ता?' मी रोज नाही म्हणायचो. खोटं लिहिलं असतं आणि प्रभुणे साहेबांच्या जागी दुसरा कुणी असता, तर एव्हाना पैसे आले असते, हा विचार मला जेवू देत नव्हता. खरं बोललो मी, आणि भरणार ही पोरं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी नऊ जणांची फी बाकी राहिली. मी माझ्या पगारातून दोघांची भरली. सात उरले.

त्या दुपारी खिडकीशी रेश्मा येऊन उभी राहिली. वाड्यावरच्या अकरा जणांची फी तिनं आधीच भरली होती, त्यामुळे मला वाटलं की पावती हरवली असेल.

"खालच्यातलं किती अडलेत, भाऊसाहेब?"

"सात. का गं?"

तिनं पिशवीतून रुमालात बांधलेलं पुडकं काढलं आणि खिडकीतून आत सरकवलं. दहा-वीसच्या नोटा, पिठाचा वास येणाऱ्या. "बसतंय का बघा सातांत. काल अकरा जण बसून ठरवलं. बाबूनं हात जरा उशिरा वर केला, पण केला."

मोजले. सातांचे होऊन एकशे दहा रुपये उरले. ते मी परत दिले. मग मी जे नेहमी बोलतो तेच बोललो.

"त्यांच्याकडून तुम्हाला काही लिहून घेऊ का? कुणाला दिले, कशासाठी, परत कधी..."

"लिहून कशाला घ्यायचं?" तिला खरंच कळलं नव्हतं. "त्यांना पाहिजेत म्हणून देतोय की."

आणि ती गेली. मी पावतीपुस्तक उघडलं, पण अक्षरं दिसेनात.

दुसरा हप्ता जूनमध्ये आला, बेचाळिसांनाही आला, ती वेगळी गोष्ट. त्या दुपारी मात्र देवकुळे सर केबिनमधून बाहेर आले, काय झालं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सर गहिवरले. डोळे पुसले. आणि मग तीस वर्षांची सवय तोंडाला आली.

"फार मोठी गोष्ट आहे ही, भाऊसाहेब! त्या सात मुलांना उद्या बोलावून घ्या. एक छोटा अहवाल करू, फोटोसह."

"नाही," मी म्हटलं.

बावीस वर्षांच्या नोकरीत सरांनी सांगितलेल्या कामाला मी 'नाही' म्हणायची ती पहिलीच वेळ. मी मान खाली घातली आणि पहिली पावती फाडली.